अलार्म कमी झाले, पण कोणते? ओव्हरफ्लोच्या वॉर्निंगांवरचे दोन पेपर

या वेळचा पेपर पुण्यातून आलेला आहे. तुकाराम मुस्के, रोहित तल्लुरी आणि अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांचा 'रिपोझिशनिंग ऑफ स्टॅटिक ॲनालिसिस अलार्म्स', २०१८ च्या इस्टा परिषदेतला. पहिले दोघे टीसीएसच्या पुण्यातल्या संशोधन केंद्रातले, तिसरे नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या तंत्र विद्यापीठातले. पेपर चांगला आहे. पेटची तयारी करत असाल किंवा सिनॉप्सिससाठी विषय शोधत असाल, तर आपला निकाल प्रामाणिकपणे कसा मांडावा यासाठी तरी तो वाचाच.

पण त्यातलं एक गृहीतक सी भाषेतल्या ओव्हरफ्लोच्या बाबतीत मला पटत नाही. दोन अलार्म एकाच अटीवर अवलंबून असतील तर ते तपासणाऱ्या माणसासाठीही एकच काम आहेत, असं हे गृहीतक आहे. मधे कंपायलर आला की ते टिकत नाही. हे दाखवायला मात्र थोडं लांबून यावं लागेल, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ज्या लॅबमध्ये सी शिकली तिथे हा प्रश्न दिसतच नव्हता.

(एक सूचना. खालचा सगळा कोड मी मराठी नावांनी लिहिलाय. तुम्ही तो सीमध्ये करून पाहालच.)

निळ्या पडद्यावरची सी

गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीत २०११ साली सुरू झालं, पण आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सी शिकलेल्या अनेकांच्या डोळ्यांसमोर येतो तो त्याहून कितीतरी जुना, टर्बो सीचा निळा पडदा. विंडोजवर तो नीट चालत नाही म्हणून डॉसबॉक्समध्ये उघडायचा. त्यात इंट दोन बाइटचा. ३२७६७ मध्ये एक मिळवला की −३२७६८ येतात. व्हायव्हाला हे हमखास विचारतात आणि आपण कागदावर वर्तुळ काढून दाखवतो: इकडून पुढे गेलं की तिकडून बाहेर येतं.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'नं विदर्भालाच काय, देशभरातल्या मुलांना सी शिकवली. त्याच्या जुन्या आवृत्त्या डॉस आणि टर्बो सीच्या काळातल्या. त्या यंत्रावर जे घडत होतं ते पुस्तकांनी सांगितलं, त्यात वावगं काही नाही. घोटाळा आपण केला. 'या कंपायलरवर असं होतं' हे वाक्य वर्गात येता येता 'सीमध्ये असं असतं' झालं.

सीच्या १९८९ च्या मानकापासून आजपर्यंत नियम वेगळा आहे. अनसाइन्ड संख्या मर्यादेपलीकडे गेली तर ती फिरून शून्यापासून सुरू होते, ही हमी आहे. साइन्ड संख्या मर्यादेपलीकडे गेली तर ते अनडिफाइन्ड बिहेव्हियर, म्हणजे पुढे काय होईल याबद्दल मानक काहीच सांगत नाही. नव्या सी-२३ मानकाने ऋण संख्या टूज कॉम्प्लिमेंटमध्येच साठवायच्या असं ठरवून टाकलं, तरी साइन्ड ओव्हरफ्लो अनडिफाइन्डच ठेवला. का? कारण कंपायलरला त्याचा फायदा होतो. 'ही संख्या कधी उलटी फिरणार नाही' असं धरून चालता आलं की लूप कितीदा फिरेल ते ठरवता येतं, आणि ६४ बिटच्या यंत्रावर ३२ बिटचा इंडेक्स वापरताना दर फेरीतलं जादा काम वाचतं.

इथे एक बारीक खाच आहे. कॅरेक्टर प्रकारच्या चलाला ० ते २५५ फिरवणारा आणि कधीच न थांबणारा लूप तुम्ही केलेला असेल. तो या प्रकारात बसत नाही. कॅरेक्टरची बेरीज आधी इंटमध्ये होते, ती इंटच्या मर्यादेत असते, आणि परत कॅरेक्टरमध्ये बसवताना काय करायचं ते कंपायलरने ठरवून जाहीर केलेलं असतं. त्यामुळे तो लूप जीसीसीवरही न थांबणाराच राहतो. तसाच दिसणारा इंटचा लूप मात्र वेगळ्या जातीचा. हा फरक व्हायव्हात कोणी विचारत नाही, विचारायला हवा.

चंद्रपूरचा मे महिना आणि १६ बिट

'आता कुठे राहिला १६ बिटचा इंट?' असं वाटेल. आर्डुइनो उनोवर आहे. त्यातल्या एव्हीआर चिपसाठीच्या जीसीसीमध्ये इंट आजही दोन बाइटचाच, आणि हा जीसीसी टर्बो सीइतका साधाभोळा नाही.

समजा तुम्ही तापमान नोंदवणारं छोटं यंत्र बनवताय. सेन्सर ० ते ६० अंश मोजतो आणि दशांश टाळायला आकडा दहापट करून देतो, म्हणजे ० ते ६००. पडद्यावर पट्टी दाखवायची आहे, ६० अंशांच्या किती टक्के तापमान आहे याची. कोड असा:

तापमान = सेन्सर वाचा;
जर (तापमान < ०) परत जा;
गुण = तापमान * १००;
जर (गुण < ०) चूक नोंदवा आणि थांबा;
टक्के = गुण / ६००;

एसी लावलेल्या लॅबमध्ये २५ अंश. २५० गुणिले १०० म्हणजे २५०००, बसतं. ३२.७ अंशांपर्यंत सगळं ठीक. ३२.८ झाले की गुणाकार ३२८००, इंटच्या बाहेर. चंद्रपूरला मे महिन्यात पारा सहज ४६-४७ वर जातो, ब्रह्मपुरीलाही तेच. ४७ अंशांना गुणाकार ४७०००, तो टर्बो सीच्या सवयीने फिरला तर −१८५३६, आणि टक्के −३०.

लिहिणाऱ्याने विचार केलेला आहे, हे लक्षात घ्या. चौथी ओळ त्यासाठीच आहे. ६०० पर्यंतच्या आकड्यांत गुणाकार फार तर ६००००, आणि ३२७६८ ते ६०००० मधलं काहीही फिरलं की ऋणच होतं. म्हणजे वर्तुळाच्या हिशेबाने तपासणी अचूक आहे. पण कंपायलरचा हिशेब दुसरा. तापमान ऋण नाही हे दुसऱ्या ओळीने सांगितलं. साइन्ड ओव्हरफ्लो होत नाही असं धरायची मानकाने मुभा दिलेली आहे. मग धन गुणिले १०० ऋण कसं होईल? चौथी ओळ कधीच खरी होणार नाही, म्हणून ऑप्टिमायझेशन चालू असताना ती अख्खी ओळ काढून टाकता येते. तुमच्या फाइलमध्ये ती दिसते, चिपवर गेलेल्या कोडमध्ये नसते.

गंमत म्हणजे पुढचा भागाकारही कंपायलर सरळ करू शकतो: १०० ने गुणून ६०० ने भागायचं म्हणजे ६ ने भागायचं. ४७० भागिले ६, ७८. बरोबर उत्तर! म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद असताना तपासणी चालते आणि यंत्र थांबतं, चालू केल्यावर तपासणी गायब होते आणि आकडा कदाचित बरोबर येतो, नाहीतर भलताच. यातलं काय होईल यावर तुमचा काहीही हक्क नाही. दुरुस्ती सोपी आहे, गुणायच्या आधी 'तापमान > ३२७' विचारा किंवा गुणाकार लाँगमध्ये करा. पण दुरुस्तीसाठी आधी कोणीतरी सांगायला हवं ना.

सांगायचं कोणी?

पॉइंटरच्या बाबतीत हाच वाद २००८ च्या एप्रिलमध्ये गाजला. अमेरिकेतल्या सर्ट संस्थेने सूचना काढली की जीसीसी काही तपासण्या गुपचूप टाकून देतो. तपासणी अशी होती: 'जर (बफर + लांबी < बफर) नकार द्या'. लांबी इतकी मोठी असेल की पत्ता फिरून मागे येईल, तर पकडायचं, असा हेतू. पण मानकाप्रमाणे पॉइंटर आपल्या ॲरेमध्ये किंवा फार तर शेवटच्या घटकाच्या लगेच पुढे असू शकतो, त्यापलीकडची बेरीजच अनडिफाइन्ड. मग लांबी धन असताना बफर + लांबी ही बफरपेक्षा लहान होणंच शक्य नाही, आणि तपासणी गेली. बाकीचे कंपायलरही हे करतात, आमचंच नाव का, अशी जीसीसीवाल्यांची तक्रार आली आणि सूचनेचं शीर्षक पुढे 'सी कंपायलर' असं व्यापक झालं. बरोबर तपासणी पॉइंटर न वाढवता करायची: उरलेली जागा म्हणजे शेवट वजा बफर, आणि लांबी त्यापेक्षा मोठी आहे का ते बघायचं.

पूर्णांकांबद्दलची तक्रार त्याआधीची. जानेवारी २००७ मध्ये जीसीसीच्या बग-नोंदींत ३०४७५ क्रमांकाने ती आली: 'अ + १०० > अ' ही खात्री कंपायलरने उडवून लावली. त्यावरची चर्चा वाचाच, संशोधनाच्या भाषेबद्दल नाही तरी माणसांच्या स्वभावाबद्दल बरंच कळतं. त्याच वर्षीच्या जीसीसी ४.२ मध्ये यासाठी वॉर्निंग आली, 'डब्ल्यू-स्ट्रिक्ट-ओव्हरफ्लो'. तिच्या पाच पातळ्या. नेहमीच्या 'डब्ल्यू-ऑल'मध्ये फक्त पहिली येते, अगदी उघड आणि टाळायला सोप्या प्रकारांसाठी. आपल्या तापमानासारखी, तुलना सरळ करून टाकण्याची उदाहरणं तिसऱ्या पातळीची. पाचवीबद्दल जीसीसीच्या पुस्तिकेतच कबुली आहे की तिथे खोट्या वॉर्निंगांचा पूर येतो.

२०१८ च्या जीसीसी ८ मध्ये ही वॉर्निंग मोडीत काढल्याचं प्रसिद्धीपत्रकातच लिहिलं गेलं. त्याऐवजी सॅनिटायझर वापरा, म्हणजे प्रोग्राम चालत असताना ओव्हरफ्लो झाला तर पकडा.

हा निर्णय मला अर्धाच समजतो. वॉर्निंग खरंच त्रासदायक होती. ऑप्टिमायझेशनच्या पातळीप्रमाणे ती येणार की नाही ते बदलायचं, आणि कंपायलरने आतून तयार केलेल्या हिशेबाबद्दलही ती तुम्हालाच ओरडायची. पण सॅनिटायझर फक्त घडलेला ओव्हरफ्लो दाखवतो. २५ अंशांच्या खोलीत चाचणी घेतलीत तर तो गप्पच राहणार. त्याला बोलतं करायला टेस्ट डेटामध्ये चंद्रपूरचा मे हवा, आणि तो घालण्याइतकं ज्याला सुचलं त्याला सॅनिटायझरची गरज तशी कमीच.

काही मोठे प्रकल्प वेगळ्याच वाटेने गेले. पोस्टग्रेस 'एफ-रॅप-व्ही' हा पर्याय देऊन कंपायल होतं, म्हणजे कंपायलरला सांगायचं की बाबा, वर्तुळच धर. लिनक्स कर्नलचंही साधारण तसंच. थोडा वेग सोडायचा आणि झोप मिळवायची. मला यात कमीपणा वाटत नाही.

स्टॅकने विचारलेला प्रश्न

आता दुसरा पेपर. एमआयटीतल्या शी वांग, निकोलाय झेल्दोविच, फ्रान्स काशूक आणि अर्मांडो सोलार-लेझामा यांचा, २०१३ च्या एसओएसपी परिषदेतला. त्यांच्या साधनाचं नाव स्टॅक. त्यांची कल्पना इतकी साधी की आपल्याला आधी का सुचली नाही असं वाटावं.

'इथे ओव्हरफ्लो होऊ शकतो का?' हा प्रश्न ते विचारतच नाहीत, कारण सीमध्ये त्याचं उत्तर जवळपास सगळीकडे 'हो, कदाचित' असं येतं. त्यांचा प्रश्न असा: अनडिफाइन्ड काही घडत नाही असं धरलं तर या कोडचा एखादा भाग निरुपयोगी ठरतो का, आणि तसं न धरता तोच भाग उपयोगी राहतो का? दोन्हींना 'हो' आलं तर तिथे लिहिणाऱ्याच्या मनातली सी आणि कंपायलरची सी वेगळी आहे. अशा कोडला त्यांनी अस्थिर कोड म्हटलं. गुणाकाराच्या ओळीवर स्टॅक बोलणार नाही. 'गुण < ०' या ओळीवर बोलेल.

आकडेही दणदणीत आहेत. डेबियन व्हीझीमधल्या सी किंवा सी++ असलेल्या ८५७५ पॅकेजेसपैकी ३४७१ मध्ये किमान एक अस्थिर जागा निघाली. त्यांनी कळवलेले १६० बग संबंधित प्रोग्रामरांनी मान्य करून दुरुस्त केले. पहिला आकडा साधनाने काढलेला आहे, दुसरा माणसांनी पटवून घेतलेला. पेपर वाचताना या दोन जातींचे आकडे वेगळे ठेवायची सवय लावा. पहिल्या आकड्याने परिषदेत टाळ्या पडतात, पण माझा भरवसा दुसऱ्यावर आहे.

आता पुण्याचा पेपर

स्टॅकची वाट कंपायलरकडून येते, मुस्के आणि मंडळींची स्टॅटिक ॲनालायझरकडून. अशा साधनाला प्रत्येक शक्य चूक दाखवायची असते: शून्याने भागाकार, ॲरेच्या बाहेरचा इंडेक्स, ओव्हरफ्लो वगैरे. एकही सुटू नये म्हटलं की अलार्मचा ढीग साचतो, आणि ढिगातले बहुतेक खोटे निघतात. तो ढीग उपसायला माणूस बसवावा लागतो. हा रडगाण्याचा विषय नाही, खर्चाचा आहे. ब्रिटनी जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये २० प्रोग्रामरांच्या मुलाखती घेऊन ही साधनं लोक का वापरत नाहीत ते विचारलं, तेव्हा खोट्या वॉर्निंगा आणि त्या मांडण्याची पद्धत ही दोन कारणं ठळकपणे पुढे आली.

अलार्म कमी करण्याची जुनी युक्ती गटवारीची. एकच इंडेक्स पाच ओळींत वापरलाय आणि मधे बदलला नाही, तर पहिली जागा सुरक्षित ठरली की बाकीच्या चार आपोआप ठरतात. मग दाखवा फक्त पहिली. पण इफच्या एका फांदीत एक अलार्म आणि एल्सच्या फांदीत दुसरा असेल, तर कोणीच कोणाच्या आधी नाही. इथे या पेपरची कल्पना येते. दोन्ही अलार्म उचलून फांद्या फुटायच्या आधीच्या जागी न्यायचे आणि दोघांऐवजी एकच दाखवायचा. कुठून कुठे नेला त्याचे दुवे जपून ठेवायचे. हे करताना एकही खरी चूक लपत नाही, हा त्यांचा दावा, आणि तो रास्त आहे.

(यामागचं डेटा फ्लो ॲनालिसिस कच्चं असेल तर आयआयटी मुंबईच्या उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री कारकरे यांचं २००९ चं 'डेटा फ्लो ॲनालिसिस' हे पुस्तक घ्या. जड आहे. पहिली प्रकरणं कागद-पेन घेऊन करा, नुसती वाचू नका.)

१६ ओपन सोर्स आणि ४ औद्योगिक ॲप्लिकेशन्सवर त्यांनी प्रयोग केला. निकाल: आधीच्या गटवारीपेक्षा अलार्म २० टक्क्यांपर्यंत कमी, मध्यक ७.२५ टक्के. हे दोन आकडे एकाच वाक्यात छापल्याबद्दल मला या लेखकांचा आदर वाटतो. '२० टक्क्यांपर्यंत' एवढंच लिहून सुटणारे पेपर तुम्हाला ढिगाने सापडतील. ७.२५ बघून नाकही मुरडू नका. ही घट आधीच गटवारी करून आटवलेल्या यादीवरची आहे. पिळलेल्या उसातून पुन्हा रस काढलाय.

माझा आक्षेप

तापमानाच्या यंत्राला आता दोन फांद्या द्या. एकीत गुणाकार करून फक्त पडद्यावर पट्टी काढायची. दुसरीत तोच गुणाकार, मग 'गुण < ०' ही तपासणी, आणि त्यावरून धोक्याचा भोंगा वाजवायचा की नाही ते ठरवायचं. दोन्हीकडे तापमान * १००, दोन्हीकडे अलार्मची अट एकच: तापमान ३२७ पेक्षा जास्त असू शकतं का? अट एकच, म्हणून अलार्म वर जातील आणि एक होतील. दोनाचा एक. मोजणीत पन्नास टक्के घट!

तपासणारा माणूस बसतो. एकच अलार्म, फांद्यांच्या वर. तो दुव्यांवरून खाली जातो. पहिल्या जागी पट्टी वेडीवाकडी दिसेल, फार बिघडत नाही. दुसऱ्या जागी खाली तपासणी आहे, म्हणजे हाताळलेलं आहे. तो शेरा मारतो: 'ओव्हरफ्लो शक्य, पण परिणाम नाही', आणि पुढच्या अलार्मकडे वळतो. त्याने सी ज्या पडद्यावर शिकली त्या पडद्याच्या नियमाने त्याचं बरोबरच आहे. चिपवर मात्र ती तपासणी नाही.

पेपर चुकला का? काटेकोरपणे नाही. वरचा अलार्म दुरुस्त केला तर खालचं सगळं दुरुस्त होतं, आणि वरची जागा सुरक्षित सिद्ध झाली तर खालच्याही होतात. 'सुरक्षित' आणि 'दुरुस्त' या दोन्ही उत्तरांना त्यांचं गणित पुरतं. पण माणूस तिसरंही उत्तर देतो, 'असू दे'. ते देताना तो अलार्मची अट बघत नाही, त्या आकड्याचं पुढे काय होतं ते बघतो. तिथे दोन अलार्म एक नसतात. एकाच्या पुढे पट्टी आहे, दुसऱ्याच्या पुढे गायब होणारी तपासणी.

'असू दे' हे उत्तर दुर्मीळ असतं तर मी एवढं लांबवलं नसतं. विल डिएट्झ, पेंग ली, जॉन रेगेर आणि विक्रम अडवे यांनी २०१२ मध्ये दाखवलं की मुद्दाम फिरवलेले ओव्हरफ्लो लोक समजतात त्यापेक्षा जास्त आहेत. स्पेक सीइंट २००० या ठरावीक चाचणीसंचातच दोनशेहून जास्त वेगवेगळ्या जागी ओव्हरफ्लो होतो. म्हणजे ओव्हरफ्लोचा अलार्म बघून 'होतो, पण चालतंय' म्हणणारे प्रोग्रामर भरपूर असणार. शून्याने भागाकाराला कोणी 'असू दे' म्हणत नाही, ओव्हरफ्लोला म्हणतात. चारही गुणधर्मांना एकाच मापाने मोजलं की हा फरक बुडतो.

दुसरा, लहान आक्षेप मोजणीचाच. ठळक निकाल अलार्मच्या संख्येचा आहे, तपासायला लागलेल्या वेळेचा नाही. चुकीच्या जागेपासून दूर, वर नेलेला एक अलार्म वाचायला दोन जवळच्या अलार्मपेक्षा कमी वेळ लागतो की जास्त, हे माणसं बसवून बघावं लागेल. ते काम कंटाळवाणं आहे आणि परिषदेत चमकत नाही, हे मान्य.

स्टॅकमध्येही उणीव आहे, उलट बाजूची. तो तपासणी गायब झाली तरच बोलतो. तपासणी मुळात लिहिलेलीच नसेल तर त्याच्या दृष्टीने सगळं स्थिर. तापमानाच्या कोडमधून चौथी ओळ तुम्हीच खोडा, स्टॅक शांत होईल आणि यंत्र मेमध्ये तसंच बिघडेल. मुस्के यांच्या वाटेवरचं साधन मात्र तिथे अलार्म देईल.

म्हणून हे दोन पेपर शेजारी ठेवले की मधे एक जागा रिकामी दिसते, आणि पीएच.डी.चं एखादं प्रकरण होईल इतकी ती मोठी आहे. गट करा, वर न्या, सगळं करा. पण गटातल्या प्रत्येक मूळ अलार्मसाठी स्टॅकचा प्रश्न विचारा: या आकड्यावर आधारलेली एखादी तुलना कंपायलर टाकून देऊ शकतो का? 'हो' असेल तर तो अलार्म गटात बुडवू नका, वेगळा दाखवा, आणि सोबत लिहा की खालची तपासणी हिशेबात धरू नका. याने अलार्मची संख्या थोडी वाढेल. परीक्षक विचारतील, तुमच्याआधीचे कमी करत होते, तुम्ही वाढवताय? याचं उत्तर संख्येने देता येणार नाही, म्हणून तपासणाऱ्या माणसांसह प्रयोग लागेल.

तो प्रयोग करायला महागडी लॅब लागत नाही. टर्बो सीवर शिकलेले एमएस्सीचे दहा-पंधरा विद्यार्थी एका बाजूला, जीसीसीवर शिकलेले तितकेच दुसऱ्या बाजूला, दोघांना तेच अलार्म, आणि प्रत्येक शेऱ्यासोबत एक ओळ कारण लिहायला सांगायचं. किती जण 'खाली तपासणी आहे' असं लिहितात ते मोजा. पहिल्या गटासाठी माणसं शोधायला चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाहेर जावं लागणार नाही. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी मात्र आधी घ्या, तिला आपल्याकडे वेळ लागतो.